साध्या डेटा क्लासला युनिट टेस्ट लिहायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा क्लास म्हणजे मुख्यतः माहिती धरून ठेवणारा क्लास, आणि युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा भाग आपोआप तपासणारा कोड. खालची बहुतेक उदाहरणं एका बिलिंग प्रोग्रॅमची आहेत. ग्राहक, पत्ता, बिल, बिलातली ओळ असे काही क्लास, जीएसटीचा हिशेब, आणि बाहेरच्या एका सेवेकडे जाणारा जेसॉन (माहिती पाठवण्याचा मजकुरी साचा). भाषा मुख्यतः जावा आहे. कोटलिन, पायथन आणि सी-शार्प जिथे वेगळं वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

## गेटर-सेटरला टेस्ट लिहायची की नाही? एका वाक्यात सांगा.

नाही. जे फक्त ठेवलेलं परत देतं, त्याला वेगळी टेस्ट लिहू नका. (गेटर फील्डमधली किंमत वाचून देतो, सेटर ती बसवतो.)

हे काही नवं मत नाही. जेयुनिट या जावाच्या टेस्ट लायब्ररीच्या स्वतःच्या जुन्या प्रश्नोत्तरांतही हा प्रश्न होता. त्यातलं उत्तर साधारण असं: जे स्वतःहून मोडूच शकत नाही त्याला टेस्ट लागत नाही, आणि साधा गेटर मोडायचा तर आधी कंपायलर मोडायला हवा. त्याच उत्तरात पुढे म्हटलं आहे की सेटर जर आलेली किंमत तपासत असेल किंवा आणखी काही उद्योग करत असेल, तर बहुधा टेस्ट लागेल. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा सोयीस्करपणे विसरला जातो. वाद होतात ते या दुसऱ्या भागावरूनच.

## डेटा क्लास म्हणजे नेमके कुठले क्लास धरायचे?

जावातले पोजो, म्हणजे कुठल्याही फ्रेमवर्कशी न बांधलेले साधे क्लास (हे नाव २००० साली मार्टिन फाउलर, रिबेका पार्सन्स आणि जॉश मॅकेन्झी यांनी काढलं), जावा १६ मध्ये पक्के झालेले रेकॉर्ड, लॉम्बॉकचं (गेटर-सेटरसारखा कोड आपोआप लिहून देणारी जावा लायब्ररी) ॲनोटेशन लावलेले क्लास, कोटलिनचे डेटा क्लास, पायथन ३.७ पासूनचे डेटाक्लास, सी-शार्प ९ पासूनचे रेकॉर्ड. सगळे आले.

पण क्लासवर कुठलं लेबल आहे यावरून टेस्टचा निर्णय घेऊ नका. फाइल उघडा आणि फील्डची यादी बाजूला ठेवून पाहा की माणसाने विचार करून ठरवलेलं आणखी काय त्यात आहे. एखादी अट, डिफॉल्ट किंमत, राउंडिंग, दोन फील्डमधून काढलेलं तिसरं. असं काही सापडलं तर तेवढ्याला टेस्ट, बाकीच्याला नाही. ‘मॉडेल’ नावाच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून साधा, आणि ‘सर्व्हिस’ नावाच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून महत्त्वाचा, असली वर्गवारी कामाची नाही.

## गेटरची टेस्ट लिहिली तर बिघडलं कुठे? असू दे की एक जास्तीची.

एक असती तर हरकत नव्हती. वीस फील्डच्या क्लासला चाळीस होतात.

अशी एक टेस्ट जवळून पाहा. नवं बिल बनवलं, क्रमांक १२३ दिला, क्रमांक मागितला, १२३ आला, टेस्ट हिरवी, म्हणजे पास. ही लाल, म्हणजे नापास, कधी होईल? फील्डचं नाव बदललं की ती कंपाइलच होणार नाही, पण ती बातमी कंपायलर तसाही देणार होता. क्रमांकाचा प्रकार बदलला तरी तेच. प्रोग्रॅमचं वागणं चुकल्यामुळे ही टेस्ट लाल होण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाही.

तोटा मात्र रोजचा आहे. फील्ड काढायचं म्हटलं की टेस्टची फाइलही सुधारा, म्हणून लोक नको असलेलं फील्ड तसंच ठेवतात. चाळीस नावांच्या यादीत जी एक टेस्ट खरोखर काही तपासते, ती कोणाच्या नजरेस पडत नाही. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

एक सूट द्यायला हवी. हाताने लिहिलेल्या जुन्या जावात सेटरमध्ये ‘धिस’ राहून गेलं, तर पॅरामीटर स्वतःलाच दिला जातो आणि फील्ड रिकामंच राहतं. हा बग खराखुरा आहे. पण आजचे बहुतेक एडिटर त्याखाली पिवळी रेघ ओढतात, आणि ते फील्ड कुठेही वापरात असेल तर बिल बनवणाऱ्या मोठ्या टेस्टमध्ये ते उघडं पडतंच. कुठल्याच टेस्टमध्ये पडलं नाही, तर ते फील्ड कशाला ठेवलंय हा प्रश्न आधी विचारा.

## मग टेस्ट लागतेच, अशा जागा कुठल्या?

बिलाचाच क्लास घेऊ. तारीख, विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), पुरवठ्याच्या ठिकाणाचा राज्य कोड, ओळींची यादी. दिसायला अगदी बापुडा क्लास. त्यात तीन छोट्या मेथड आहेत आणि तिन्हींना टेस्ट हवी.

पहिली, आर्थिक वर्ष. तारखेवरून ‘२०२४-२५’ असं काढून देते. तीन ओळींचा कोड, गेटरसारखा दिसतो, आणि म्हणूनच सुटतो. महिना चारपेक्षा मोठा की चार किंवा मोठा, एवढ्यावर सगळा एप्रिल चुकीच्या वर्षात जातो. दोन तारखा पुरेत: ३१ मार्च २०२५ ला २०२४-२५ यायला हवं आणि १ एप्रिल २०२५ ला २०२५-२६. ऑगस्टमधली तारीख घेऊन लिहिलेली टेस्ट कव्हरेज (कोडचा किती भाग टेस्टमध्ये चालला) तेवढंच दाखवते आणि कामाला शून्य. (जावाचा जुना डेट क्लास अजून वापरात असेल तर तिथे जानेवारी म्हणजे शून्य. मग तर या दोन तारखा हव्यातच.)

दुसरी, व्यवहार राज्यातल्या राज्यात आहे की आंतरराज्य. जीएसटीआयएनचे पहिले दोन अंक म्हणजे राज्याचा कोड: महाराष्ट्र २७, गोवा ३०. ते पुरवठ्याच्या ठिकाणाच्या कोडशी जुळले तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा), नाही जुळले तर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा कर). आता कोणी तो कोड पूर्णांक म्हणून ठेवला आणि तुलनेच्या वेळी परत मजकूर केला, तर पुण्याचं बिल बरोबर, पणजीचं बरोबर, आणि दिल्लीचं चुकीचं, कारण दिल्लीचा कोड ०७ आहे आणि पूर्णांकात पुढचं शून्य टिकत नाही. ०७ आणि ७ वेगळे ठरतात, दिल्लीतल्या दिल्लीत झालेल्या विक्रीवर आयजीएसटी लागतो. टीममधले सगळे महाराष्ट्रातले, टेस्टमधले सगळे ग्राहक महाराष्ट्रातले, की हा बग महिनोन्‌महिने सुखाने नांदतो. म्हणून टेस्टमध्ये एक तरी कोड शून्याने सुरू होणारा घ्या.

खरं तर फील्डचा प्रकार निवडणं हाही निर्णयच. दहा आकडी मोबाइल नंबर साध्या इंटमध्ये मावत नाही, तिथली कमाल २१४७४८३६४७. बँकेच्या खाते क्रमांकालाही सुरुवातीला शून्य असू शकतं. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा मजकूर म्हणून ठेवा. तिथे मग टेस्टही लागत नाही.

तिसरी मेथड कराची रक्कम. करपात्र रक्कम १००.२५ रुपये, दर १८ टक्के. थेट काढलं तर १८.०४५, म्हणजे नेहमीच्या शाळेतल्या पद्धतीने १८.०५. पण सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के असे वेगळे काढले तर प्रत्येकी ९.०२२५, म्हणजे ९.०२, आणि दोन्ही मिळून १८.०४. एक पैशाचा फरक. बिलाच्या तळाशी एकूण कर एका पद्धतीने आणि ओळीत दुसऱ्या पद्धतीने छापला की हिशेबनीस फोन करणारच. वर राउंडिंगचा घोळ वेगळा. पायथनच्या डेसिमलचं आणि सी-शार्पच्या राउंडचं डिफॉल्ट बरोबर मधल्या किमतीला सम अंकाकडे झुकतं, तिथे १८.०४५ चं १८.०४ होतं. कुठली पद्धत घ्यायची हे तुमच्या हिशेबनिसाला विचारून ठरवा. ठरलं की टेस्टमध्ये १००.२५ हाच आकडा लिहा. १०० रुपयांवर लिहिलेली टेस्ट दोन्ही पद्धतींत हिरवी राहते.

## इक्वल्स आणि हॅशकोड तर कंपायलर लिहून देतो. त्याची कशाला टेस्ट?

इक्वल्स दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगतं, हॅशकोड त्यांना सेटमध्ये वगैरे शोधायला आकडा देतो. कंपायलरने लिहिलेला हा कोड बरोबरच असतो. प्रश्न असा की त्याला जे ‘समान’ वाटतं ते तुम्हालाही समान वाटतं का. पुढे काही जागा देतो जिथे दोघांचं पटत नाही.

जावात बिगडेसिमलची (अचूक दशांश आकड्यांचा प्रकार) १००.५ आणि १००.५० ही इक्वल्सच्या लेखी वेगळी आहेत, कारण दशांशानंतरचे अंकही तुलनेत धरले जातात. रेकॉर्डमध्ये रक्कम बिगडेसिमल असेल, तर जेसॉनमधून आलेली ओळ (१००.५) आणि डेटाबेसमधून वाचलेली तीच ओळ (१००.५०) समान ठरत नाहीत. कोटलिनमध्येही दुहेरी बरोबरचं चिन्ह शेवटी इक्वल्सलाच बोलावतं, त्यामुळे तिथेही तेच. पायथनचा डेसिमल मात्र दोन्ही समान मानतो. उपाय सोपा आहे, कन्स्ट्रक्टरमध्येच रक्कम दोन दशांश स्थळांना बांधून टाका. त्या एका ओळीला टेस्ट हवी, कारण कोणीतरी ‘ही कशाला’ म्हणून ती काढणार.

फील्डमध्ये ॲरे असेल तर जावाचा रेकॉर्ड आणि कोटलिनचा डेटा क्लास, दोघेही आतला मजकूर पाहत नाहीत, फक्त तोच ॲरे आहे का एवढंच पाहतात. सी-शार्पच्या रेकॉर्डमध्ये लिस्ट ठेवली तरी असंच. यासाठी टेस्ट लिहीत बसण्यापेक्षा ॲरे काढून टाकणं बरं.

कोटलिनमध्ये आणखी एक खाच आहे. मुख्य कन्स्ट्रक्टरच्या कंसात असलेली फील्डच इक्वल्स, हॅशकोड, टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर करून देणारी मेथड) आणि कॉपीमध्ये धरली जातात. क्लासच्या अंगात लिहिलेलं फील्ड या चौघांनाही दिसत नाही. कधी ते मुद्दाम केलेलं असतं. मुद्दाम असेल तर ‘शेरा वेगळा असला तरी बिल तेच’ अशा अर्थाचं नाव देऊन एक टेस्ट ठेवा, नाहीतर पुढचा माणूस नीटनेटकेपणाच्या हौसेने ते फील्ड कंसात ढकलेल.

इक्वल्स हाताने लिहिलंच असेल तर मात्र टेस्टला पर्याय नाही. जावात त्यासाठी इक्वल्स-व्हेरिफायर नावाची लायब्ररी आहे. एका ओळीत ती सममिती, नल, हॅशकोडशी मेळ वगैरे सगळं तपासते. तेच हाताने लिहायला गेलात तर दोनतरी गोष्टी राहतील.

## आमच्याकडे नावं आणि पत्ते मराठीत साठवतात. त्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि इंग्रजी उदाहरणांवर वाढलेल्या टेस्टमध्ये तो कधीच दिसत नाही.

‘कऱ्हाड’ हे गाव घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र (यू+०९३०), हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’च दिसतात. मजकूर म्हणून ते वेगळे आहेत, म्हणून पत्त्याचे दोन रेकॉर्ड असमान ठरतात, आणि एकाच ग्राहकाची दोन खाती तयार होतात. गोऱ्हे, बऱ्हाणपूर, सगळीकडे हीच गत. कोणता कीबोर्ड वापरला यावर सगळं अवलंबून.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) लावलं की झालं, असं वाटतं. पण अर्धवटच होतं. र आणि खालचा नुक्ता अशी जोडी एनएफसीमुळे ऱ होते, हे खरं. जॉइनरवालं रूप मात्र जसंच्या तसं राहतं, कारण एनएफसी जॉइनरला हात लावत नाही. ते रूपांतर तुम्हालाच लिहावं लागतं, आणि सरसकट सगळे जॉइनर उडवले तर उलटं नुकसान होतं: र आणि हलन्त उरतो, आणि ‘कऱ्हाड’चा ‘कर्हाड’ होऊन रफार वर चढतो.

म्हणजे ‘पत्ता’ हा चार फील्डचा निरुपद्रवी क्लास, आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये या सगळ्या प्रकरणाचा निकाल. इथे टेस्ट लिहा: तिन्ही रूपांतला (स्वतंत्र ऱ, र आणि नुक्ता, र आणि जॉइनर) ‘कऱ्हाड’ एकच पत्ता ठरतो, आणि छापताना रफार चढत नाही. टेस्टच्या फाइलमध्ये ही रूपं कोड पॉइंटने लिहा. नुसती अक्षरं चिकटवली तर कुठली ओळ कुठलं रूप हे लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कळणार नाही.

## रेकॉर्ड बदलता येत नाही. मग त्यात चुकण्यासारखं काय उरतं?

फील्ड बदलता येत नाही, पण फील्डमध्ये धरलेली यादी बदलता येते. बाहेरून दिलेल्या यादीत नंतर कोणी ओळ घातली की तुमच्या ‘न बदलणाऱ्या’ बिलातही ती दिसते. जावात कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्टची कॉपी घेतली की हे थांबतं. पायथनचं ‘फ्रोझन’ही असंच वरवरचं, आतल्या लिस्टला अपेंड खुशाल चालतो. कॉपी घेणारी ओळ लिहिलीत तर तिच्यासाठी टेस्ट: यादी दिली, बिल बनवलं, मूळ यादीत भर घातली, बिलातल्या ओळी तेवढ्याच.

सी-शार्प वापरणाऱ्यांनी ‘विथ’कडे लक्ष द्यावं. रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘प्रमाण शून्यापेक्षा जास्त हवं’ अशी तपासणी लिहिलेली असली तरी ‘विथ’ने प्रत काढून प्रमाण उणे पाच करता येतं, कारण तिथे तो कन्स्ट्रक्टर पुन्हा चालतच नाही. कोटलिनची कॉपी मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच जाते, त्यामुळे इनिट ब्लॉकमधली तपासणी चालते. पण तपासणी वेगळ्या फॅक्टरी फंक्शनमध्ये ठेवली असेल तर ती चुकवून कॉपी सरळ पुढे जाते. म्हणून तपासणीची टेस्ट लिहिताना क्लास बनवण्याच्या सगळ्या वाटा मोजा.

## पायथनच्या डेटाक्लासचं काही वेगळं?

दोन-तीन गोष्टी आहेत. टाइप लिहिलेले असले तरी चालताना ते कोणी तपासत नाही. प्रमाण पूर्णांक लिहा आणि ‘पाच’ हा मजकूर द्या, डेटाक्लास निमूट घेईल. त्यासाठी टेस्ट लिहू नका, टाइप चेकर चालवा किंवा चालताना टाइप तपासणारं पायडँटिकसारखं काही वापरा.

डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली तर पायथन स्वतःच एरर देतो, त्याचीही टेस्ट नको. पण डिफॉल्ट म्हणून ‘आत्ताची वेळ’ दिली तर एरर येत नाही. ती वेळ क्लास लोड होताना एकदाच काढली जाते, आणि नंतरच्या प्रत्येक बिलावर सर्व्हर सुरू झाल्याची वेळ छापली जाते. तिथे डिफॉल्ट फॅक्टरी (दर वेळी नवी किंमत काढून देणारं फंक्शन) हवी. हा बग युनिट टेस्टमध्ये सहसा सापडत नाही, कारण टेस्टमध्ये क्लास नुकताच लोड झालेला असतो आणि वेळ बरोबरच वाटते. घड्याळ बाहेरून द्या, मग टेस्टही जमते आणि बगही होत नाही.

आणि डेटाक्लास फ्रोझन नसेल तर डिफॉल्टने त्याला हॅश नसतो. सेटमध्ये टाकायला गेलात की टाइप एरर येतो. लगेच येतो, त्यामुळे चिंता नाही.

## जेसॉनमध्ये जाणाऱ्या क्लासला टेस्ट हवी का?

हवी, पण त्या क्लासची म्हणून नव्हे. टेस्ट हवी ती कराराची. समोरच्या सेवेला कुठल्या नावाचं, कुठल्या रूपातलं फील्ड हवं आहे, ते नेमकं तसंच जातं का?

इथे लोक एक सोपी टेस्ट लिहितात: क्लासचा जेसॉन केला, जेसॉनचा परत क्लास केला, दोन्ही समान. छान हिरवी होते आणि फसवते. फील्डचं नाव जाताना चुकलं आणि येतानाही तसंच चुकलं, तर फेरी पूर्ण होते. त्याऐवजी अपेक्षित जेसॉन मजकूर म्हणून टेस्टमध्ये लिहून ठेवा, आणि त्याच्याशी ताडून पाहा.

नावं चुकतात कशी? जावात बुलियन फील्डचं नाव ‘इज-ॲक्टिव्ह’ आणि गेटरही त्याच नावाचा असेल, तर जॅक्सन (जावातली जेसॉन लायब्ररी) ‘इज’ हा गेटरचा उपसर्ग समजून काढतो आणि जेसॉनमध्ये नुसतं ‘ॲक्टिव्ह’ जातं. फील्डच्या नावात पहिलं अक्षर लहान आणि दुसरं मोठं असेल (यू-नेम, पी-कोड अशी नावं), तर लॉम्बॉक गेटरमध्ये दोन्ही अक्षरं मोठी करतो, जॅक्सन सुरुवातीची सगळी मोठी अक्षरं लहान करतो, आणि मधलं मोठं अक्षर हरवतं. दोन्ही लायब्ररी आपापल्या जागी बरोबर.

तारखेचंही बघा. जॅक्सन २ च्या मूळ सेटिंगवर (जावाच्या नव्या तारखांचं मॉड्यूल जोडलेलं असताना) लोकलडेट ही [२०२५,४,१] अशी आकड्यांची यादी होऊन बाहेर पडते. स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क ते सेटिंग बदलून ‘२०२५-०४-०१’ असं करतं. म्हणून टेस्टमध्ये नवाकोरा मॅपर (क्लासचा जेसॉन करणारा जॅक्सनचा ऑब्जेक्ट) बनवू नका. ॲप्लिकेशन जो वापरतं तोच घ्या, नाहीतर टेस्ट एकाची आणि प्रॉडक्शनमध्ये दुसराच.

## टूस्ट्रिंगची टेस्ट म्हणजे अतिच, नाही का?

बहुतेक वेळा हो. डीबगिंगसाठी छापलेल्या मजकुराचा प्रत्येक स्वल्पविराम टेस्टमध्ये बांधून ठेवण्यात अर्थ नाही.

अपवाद खासगी माहितीचा. ग्राहकाच्या रेकॉर्डमध्ये आधार क्रमांक असेल, तर आपोआप मिळालेला टूस्ट्रिंग बाराच्या बारा अंक छापतो, आणि कुठल्यातरी एररच्या ओळीतून ते लॉगमध्ये जाऊन बसतात. झाकलेल्या आधारवर शेवटचे चार अंक दाखवण्याची पद्धत आहे, तशी तुम्ही टूस्ट्रिंगमध्ये केली असेल तर टेस्ट लिहा. अपेक्षित मजकूर पूर्ण ताडू नका, ‘पूर्ण क्रमांक यात कुठेही नाही’ एवढंच तपासा. त्याहून चांगलं म्हणजे आधार क्रमांकाला स्वतःचा छोटा क्लास द्या. बारा अंक, पहिला अंक ० किंवा १ नाही, शेवटचा व्हरहॉफ पद्धतीचा तपासणी अंक, आणि झाकून छापणं, सगळं एका जागी. ग्राहकाचा क्लास मग पुन्हा साधा राहतो आणि त्याला टेस्ट लागत नाही.

## हायबरनेटच्या एंटिटी पण डेटा क्लासच ना?

हायबरनेट ही जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी, आणि असे जोडलेले क्लास म्हणजे एंटिटी. त्यांना साधे डेटा क्लास समजून लॉम्बॉकचं ‘डेटा’ ॲनोटेशन लावलं की त्रास सुरू होतो. बिल ओळींना ओळखतं, ओळ बिलाला ओळखते, टूस्ट्रिंग एकमेकांना बोलावत राहतात आणि स्टॅक संपतो. हॅशकोड आयडीवर असेल आणि आयडी सेव्ह केल्यावर मिळत असेल, तर हॅशसेटमध्ये आधीच टाकलेली एंटिटी नंतर सापडत नाही. इथे एक टेस्ट उपयोगी: सेटमध्ये टाका, सेव्ह करा, ‘आहे का’ विचारा. खऱ्या डेटाबेसवर चालवा, मॉकवर (खोट्या नकलेवर) नको.

## सोनार ८० टक्के मागतो. गेटर सोडले तर आकडा खाली जातो.

अस्सल प्रश्न हाच असतो, बाकीचे सगळे त्याची प्रस्तावना. (सोनार हे कोड तपासणारं साधन, आणि ८० टक्के म्हणजे कव्हरेज.)

आधी मोजमाप दुरुस्त करा. लॉम्बॉकने तयार केलेला कोड जाकोको (जावाचं कव्हरेज मोजणारं साधन) ०.८.० पासून वगळू शकतो. त्यासाठी लॉम्बॉकच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘जनरेटेड’ ॲनोटेशन घालण्याचं सेटिंग चालू करावं लागतं. एवढ्या एका ओळीने कित्येक प्रोजेक्टचा आकडा खरा होतो. उरलेल्या साध्या क्लासना बिल बनवणाऱ्या, जेसॉन पाठवणाऱ्या टेस्ट जाता-येता स्पर्श करतातच.

सोनारमध्ये अख्खं मॉडेल पॅकेज कव्हरेजमधून वगळायचा मोह होतो. नका करू. आज त्यात फक्त फील्ड आहेत, तीन महिन्यांनी कोणीतरी तिथेच आर्थिक वर्ष काढायची मेथड लिहील आणि ती कोणाच्याच रडारवर येणार नाही. वगळायचंच असेल तर एकेक क्लास नावाने वगळा.

रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅममधूनच क्लासच्या मेथड शोधून) सगळे गेटर-सेटर आपोआप फिरवणाऱ्या लायब्ररीही मिळतात. त्या आकडा वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. आकडाच हवा असेल तर निदान प्रामाणिकपणे मॅनेजरला सांगा की हा आकडा त्यासाठी आहे.

टेस्टचा कस पाहायचा असेल तर म्युटेशन टेस्टिंग करा. जावासाठी पिट आहे, सी-शार्पसाठी स्ट्रायकर. तुमच्या कोडमधली ‘चार किंवा मोठा’ ही अट ती ‘चारपेक्षा मोठा’ करून बघतात आणि एखादी टेस्ट लाल होते का पाहतात. ऑगस्टवाली टेस्ट इथे लगेच पकडली जाते.

## रिव्ह्यूमध्ये ‘टेस्ट कुठे आहे?’ अशी कमेंट आली तर काय लिहू?

‘साधा क्लास आहे’ एवढंच लिहू नका, त्यावर वादच होतो. असं काहीतरी लिहा: ‘यात फक्त फील्ड आहेत, अट किंवा हिशेब नाही. जेसॉनमधली नावं बिल पाठवण्याच्या टेस्टमध्ये तपासली आहेत. तुला यात कुठला निर्णय दिसतोय का? दिसत असेल तर त्याची टेस्ट घालतो.’ समोरच्याला खरंच काही दिसलं तर ते दोघांच्याही फायद्याचं, आणि बऱ्याचदा दिसतंच: ‘अरे, नल आला तर डिफॉल्ट दर १८ धरलायस, ते कुठे ठरलं?’

## आम्ही टीडीडी करतो. मग प्रत्येक क्लासची सुरुवात टेस्टनेच व्हायला नको का?

टीडीडी म्हणजे कोडच्या आधी टेस्ट लिहिणं. पण टेस्ट आधी लिहायची ती वागणुकीची. ‘दिल्लीतल्या दिल्लीत विक्री झाली तर आयजीएसटी लागत नाही’ ही टेस्ट लिहिताना तुम्हाला बिल आणि ओळ हे क्लास लागतात, म्हणून ते जन्माला येतात. त्यांची टेस्ट तिथेच झाली.

## जुन्या प्रोजेक्टमध्ये गेटरच्या शेकडो टेस्ट पडल्या आहेत. काढून टाकू?

काढा, पण एका दमात नको. काढण्याआधी एकेक नजरेखालून घाला, कारण त्यात कधी कधी भलतंच काही दडलेलं असतं. ‘नवीन बिलाची स्थिती विचारली की मसुदा येतो’ ही टेस्ट गेटरची दिसते, पण ती डिफॉल्ट स्थितीचा नियम सांभाळते आहे. अशी टेस्ट ठेवा आणि तिचं नाव बदलून नियमाचं नाव द्या. जिच्यात सेट केलं आणि गेट केलं एवढंच आहे, ती बेलाशक उडवा.

सोयीची वेळ म्हणजे तो क्लास दुसऱ्या कामासाठी उघडला असेल तेव्हा. पोजोचा रेकॉर्ड करताना सेटर जातातच, त्यांच्या टेस्ट कंपाइल होत नाहीत, आणि काढण्यावर कोणी हरकत घेत नाही. टेस्ट काढण्याचा कमिट मात्र वेगळा ठेवा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला काय गेलं ते एका नजरेत दिसेल, आणि काही चुकून गेलं असेल तर तेवढंच परत आणता येईल.